आबा-नानांच्या भांडणाचे शास्त्रशुद्ध व्यवस्थापन

खापरटेक येथील शेतकरी आबा आणि त्यांचे बांधाचे शेजारी नाना यांच्यात पाण्याच्या कॉकवरून सकाळी भांडण झाले. भांडण नेहमीचे होते. आबांनी नानांच्या वाडवडिलांचा उद्धार केला, नानांनी आबांची अक्कल काढली आणि दोघेही आपापल्या पांढऱ्या टोप्या सारख्या करून आपापल्या कपाशीत शिरले. गावात कोणी मान वर करून पाहिले नाही.

अमळनेरहून धुळ्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळले की खापरटेक लागते. तिथे आबांचे आणि नानांचे वावर एकमेकांना लागून आहे. ट्यूबवेल नानांच्या वावरात आहे आणि विजेचे कनेक्शन आबांच्या नावावर. दोघांच्या वडिलांनी एकत्र मोटर बसवताना अशी व्यवस्था का केली, हे सांगायला ते आता हयात नाहीत. पण परिणाम असा झाला, की एकाला सोडून दुसऱ्याला पाणी मिळणे अशक्य होऊन बसले. अशा वेळी दोन शहाणी माणसे जे करतील, तेच हे दोघे करत आले. ते रोज कॉक आपल्याकडे फिरवून एकमेकांचे पाणी चोरत आणि अधूनमधून त्यावरून भांडत. त्यांची कागदावरची नावे तलाठी आणि बँक सोडून कोणाला ठाऊक नव्हती. गावाला आबा म्हणजे आबा आणि नाना म्हणजे नाना, एवढे पुरत होते.

भांडणाचे काही नियम होते. ते फक्त मोटरीच्या खोलीपाशी होई. शिव्या वाडवडिलांपर्यंत जाऊ शकत, लेकीसुनांपर्यंत नाही. मोठे भांडण झाले, की अबोला सुरू होई आणि निरोपांची ने-आण आबांच्या घरच्या अक्का आणि नानांच्या घरच्या भाभी करत. या दोघी एकाच ओट्यावर बसून भाजी निवडत आणि आपापल्या नवऱ्याविषयी एकमेकींपाशी जे बोलत, ते त्या नवऱ्यांनी ऐकले असते, तर भांडायला त्यांना कॉक लागलाच नसता.

थंडी पडली, की अबोला मोडे. जो आधी बोलला तो हरला. हरलेल्याने आपल्या वावरातली हिरवी वांगी आणायची, जिंकलेल्याने पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करायचा आणि त्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असे जेवण सगळ्या गावाला घालायचे. म्हणजे भरीत हे भांडणाचे उत्पन्न होते. एका वर्षी दोघांत भांडणच झाले नाही, तेव्हा गाव चिंतेत पडले. शेवटी सरपंच सुनंदाबाईंनी माणूस पाठवून गुपचूप कॉक अर्धा फिरवून ठेवला. त्या वर्षीचे भरीत फार चांगले झाले होते. प्रस्तुत निवेदकाने ते खाल्ले आहे, त्यामुळे पुढच्या मजकुरात जो राग आढळेल तो तटस्थ नाही, हे आधीच कळवलेले बरे.

दरम्यान धुळ्यात डॉ. हितेंद्र यांना एक संशोधन प्रकल्प मंजूर झाला. प्रकल्पाचे नाव होते ‘ग्रामीण खान्देशातील आंतरधर्मीय संबंध आणि धार्मिक विविधतेचे व्यवस्थापन: एक सहभागी हस्तक्षेप’. डॉ. हितेंद्र एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत. सलोखा हा त्यांचा विशेष विषय. या विषयावर त्यांनी अनेक वातानुकूलित सभागृहांत निबंध वाचले होते. शेजारच्या केबिनमधल्या प्राध्यापकांशी ते विभागप्रमुखपदावरून कित्येक वर्षे बोलत नव्हते; पण दोघेही एकाच धर्माचे असल्याने ही बाब संशोधनाच्या कक्षेत येत नव्हती.

गाव निवडण्याचे निकष काटेकोर होते. दोन्ही धर्मांची वस्ती हवी, गाडी जाईल असा रस्ता हवा आणि संध्याकाळी घरी परतता येईल इतकेच अंतर हवे. शहरातले मोहल्ले आणि गल्ल्या आधीच्या संशोधकांनी वापरून संपवल्या होत्या. तिथले लोक प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देत आणि वर चहाचे विचारत. खापरटेक कोरे होते. तिथल्या सलोख्याला अजून कोणी हात लावला नव्हता.

पहिल्या पाहणीचे निष्कर्ष धक्कादायक आले. ‘तुमच्या गावात दोन धर्मांत तणाव आहे का?’ या प्रश्नाला ‘तीव्र’, ‘मध्यम’, ‘किरकोळ’ आणि ‘नाही’ असे चार पर्याय होते. त्यातला ‘नाही’ हा पर्याय सगळ्यांनीच निवडल्याने निरुपयोगी ठरला. डॉ. हितेंद्र चिंतेत पडले. हस्तक्षेपाआधीचा तणाव आणि हस्तक्षेपानंतरचा तणाव यांतला फरक म्हणजे प्रकल्पाचे यश. आधीच तणाव नसेल, तर तो कमी कसा करणार? आणि तो कमी झाला नाही, तर दुसऱ्या टप्प्याला मंजुरी कोण देणार? गावाने सहकार्य करायचे नाही असे ठरवलेले दिसते, असे ते सहायक संशोधक ऋतिका हिला म्हणाले.

ऋतिका हुशार होती. ती मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून सकाळीच गावात आली आणि नेमकी आबा-नानांच्या भांडणात सापडली. शिव्या वाडवडिलांपर्यंत पोचल्या होत्या. तिने भांडण संपेपर्यंत अदबीने वाट पाहिली आणि मग दोघांना विचारले, की या संघर्षाचे कारण काय.

“पानीना कॉक,” नाना म्हणाले. “यानी फिरावा.”

“त्याच्याही मागचं, खोलवरचं काही?”

“खोल ते बोअर शे, ताई,” आबा म्हणाले.

मग तिने दोघांना त्यांचा धर्म विचारला. नाना हसले. म्हणाले, “आते पानीले बी धरम लागस का?” पण पोरगी लांबून आलेली, उन्हात उभी, म्हणून दोघांनी सांगून टाकले. दोघांचे धर्म वेगवेगळे निघाले. ऋतिकाने लगेच तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तिच्या आवाजात जो आनंद होता, तो आबांना आवडला. त्यांना वाटले, पोरीचे लग्न जमले.

त्या आठवड्यात भांडणाचे शास्त्रीय विश्लेषण झाले. कॉक हे ‘नैसर्गिक संसाधनांवरील स्पर्धात्मक दावेदारी’चे प्रतीक ठरले. ‘तुना बापनी मोटर शे का?’ या आबांच्या प्रश्नात ऐतिहासिक अन्यायाची भावना आढळली. अबोला म्हणजे सामाजिक बहिष्कार. एकाच ओट्यावर भाजी निवडणाऱ्या अक्का आणि भाभी या ‘दबलेल्या स्त्री-मध्यस्थ’ झाल्या. भरिताचीही नोंद घेतली गेली: ‘संघर्ष मिटवण्याची पारंपरिक पद्धत, अनौपचारिक, अशास्त्रीय, मोजमापाची सोय नाही.’ अशा रीतीने खापरटेकला पहिला आंतरधर्मीय संघर्ष मिळाला. तो मिळाल्याचे संघर्ष करणाऱ्यांना मात्र कोणी कळवले नाही.

मग शाळेच्या सभागृहात कार्यशाळा झाली. सर्वांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून एका धर्माची माणसे डावीकडे आणि दुसऱ्या धर्माची उजवीकडे बसवली. यात बराच वेळ गेला, कारण पुष्कळांना कुठे बसायचे ते चटकन कळेना. कानबाईच्या उत्सवात नाचणारे आणि पीरबाबाला नवस बोलणारे तेच होते. आबा तर दर गुरुवारी दर्ग्यावर नारळ घेऊन जात आणि नाना पोळ्याला बैल सजवून आधी आबांच्या दारात नेत. हे ऐकून डॉ. हितेंद्रांनी समजावले, की अशा सरमिसळीमुळे खरी विविधता झाकली जाते. विविधतेचे व्यवस्थापन करायचे, तर आधी ती नीट वेगळी दिसली पाहिजे.

दोन्ही बाजूंना एकमेकांविषयीच्या दुखावलेल्या भावना सांगायला सांगितले. कोणाला काही सुचेना. तेव्हा डॉक्टरांनी नमुन्यादाखल देशातली काही उदाहरणे दिली. लोक लक्ष देऊन ऐकत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डाव्या बाजूला आठवले, की उजवीकडच्या एकाने फार पूर्वी कडबा उसना नेऊन कमी परत केला होता, आणि उजवीकडच्यांना एका लग्नात आपल्याला पुन्हा वाढायला कोणी आले नव्हते, ते आता खुपू लागले. तोपर्यंत कडबा कडब्याचा होता आणि वाढप वाढप्याचे. जेवणाची सोयही परस्पर आदरभाव म्हणून दोन ठिकाणी केली होती. आपल्या घरच्या लग्नात सगळे एकाच पंगतीत बसले होते, असे सुनंदाबाई सांगायला गेल्या. ती असंवेदनशीलता होती, असे त्यांना सांगण्यात आले. बाई सरपंच होत्या, तरी गप्प बसल्या, आणि मला विचाराल तर तिथेच घोटाळा झाला.

कार्यशाळेतून सलोखा व्यवस्थापन समिती जन्माला आली. दोन्ही धर्मांचे सारखे सदस्य. समितीने नियम केले. एकाच धर्माच्या माणसांनी आपसात कितीही भांडावे, त्याला हरकत नव्हती. दोन धर्मांच्या माणसांत मतभेद झाल्यास मात्र ती ‘घटना’ धरली जाणार होती आणि घटनेचा अहवाल समितीने धुळ्याला पाठवायचा होता. परस्परांना ‘अरे-तुरे’ करू नये. वाडवडिलांचा उल्लेख फक्त गौरवाने करावा.

नियम झाल्यावर आबा आणि नाना मोटरीवर भेटले. कॉक आबांच्या बाजूला पूर्ण फिरलेला होता. नानांची कपाशी माना टाकत होती. नानांनी तोंड उघडले आणि ठरलेली शिवी जिभेवर आली. तेवढ्यात बांधावर समितीचा एक सदस्य वही घेऊन उभा असलेला त्यांना दिसला. हा सदस्य दर हिवाळ्यात त्यांच्याच पंगतीत दोनदा भाकरी मागून घेणारा. नाना तरीही बोलले; थोडेसे बोलले. पण ती घटना झाली.

घटनेचा अहवाल धुळ्याला गेला. त्याची प्रत माहितीसाठी तहसीलला आणि तिथून उचित कार्यवाहीसाठी पोलिसांकडे गेली. पोलिसांनी उचित कार्यवाही म्हणून मोटरीच्या खोलीपाशी गाडी उभी केली. गाडी उभी आहे म्हटल्यावर वार्ताहर आला आणि दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली, की खापरटेक येथे तणावपूर्ण शांतता आहे. गावाने ही बातमी वाचली आणि त्या दिवशी दुकाने लवकर बंद झाली. सुरतला कामाला गेलेल्या पोरांचे फोन आले, की म्हाताऱ्यांनो, इकडे निघून या. आबांच्या जावयाने तर विचारले, की तुमचे घर त्यांच्या वस्तीपासून किती लांब आहे. आबांना ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या ते आधी कळेना. कळले तेव्हा ते म्हणाले, की मधे एक भिंत आहे आणि तिला दार आहे. जावई म्हणाला, दार बुजवून घ्या.

दार बुजवले नाही. पण कडी लागली, ती पहिल्यांदाच. अक्का आणि भाभी आपापल्या ओट्यावर भाजी निवडू लागल्या. नवऱ्यांविषयी बोलायला आता कोणी उरले नाही, त्यामुळे दोघींनाही आपापले नवरे आणखीच असह्य वाटू लागले.

भांडण्याची सवय अशी एकाएकी सुटत नाही. आबांनी नियमात बसेल असा मार्ग काढून स्वतःच्या चुलतभावाशी भांडून पाहिले. त्या भांडणाला कसलीही बंदी नव्हती, पण चवही नव्हती. चुलतभाऊ लगेच रडायला लागला आणि वाटणीचे बोलू लागला. नानांनी तसलाच प्रयत्न मोठ्या मुलाशी केला. तो मोबाइलमधून डोके वर काढेना.

मग मोटरीवर सभ्यता सुरू झाली. “आबासाहेब, आपलं पाणी झालं का?” “झालं नानासाहेब, आपण घ्या.” “नको नको, आधी आपण.” अशा आग्रहात मोटर नुसती चालू राही आणि पाणी पाटातून नाल्याला जाई. दोघांचीही कपाशी वाळली. आळ कोणावरच घेता येईना, कारण चोरीच थांबली होती. ऋतिकाने कळवले, की आदरार्थी संबोधनांच्या वापरात लक्षणीय वाढ झाली असून घटना शून्यावर आल्या आहेत. आलेख शेवटी खाली आला.

थंडी पडली. पण अबोलाच नव्हता, तर तो मोडणार काय? भांडण नाही म्हणून हार नाही, हार नाही म्हणून वांगी नाहीत. ही उणीव डॉ. हितेंद्रांच्या लक्षात आणून दिली गेली, तेव्हा त्यांनी प्रकल्पातर्फे ‘सद्भावना भरीत महोत्सव’ घेतला. जळगावहून केटरर आला. प्रातिनिधिक स्वरूपाच्या दोन चुली मांडल्या, भरीत कालवायला दोन काथवटी, दोन रांगा. वांगी गॅसवर भाजली होती, कारण पऱ्हाटीच्या धुराने पाहुण्यांचे डोळे झोंबले असते. चुलींवर नुसती शोभेची पातेली ठेवली होती. फलकावर वांग्याचे चित्र होते आणि वांग्याच्या पोटात दोन हात एकमेकांशी मिळवलेले होते.

मंचावर आबा आणि नाना यांना हार घालून हस्तांदोलन करायला लावले. जन्मभर त्यांनी एकमेकांशी हात मिळवला नव्हता. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकण्याची सवय असलेल्यांना ते जमेना. फोटोवाल्याने तीनदा करून घेतले. तेवढ्यात नानांनी आबांचा हात धरूनच ठेवला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “आबा, एकडाव शिवी दे ना रे. मना जीव गुदमरी ऱ्हायना.”

आबांचे डोळे भरून आले, हे मी समोरच्या रांगेतून पाहिले. कोणत्या रांगेतून, ते सोडा. शिवी त्यांच्या ओठांवर आली होती. वाडवडिलांची, ठेवणीतली, भरिताच्या आदल्या दिवशी द्यायची. त्यांनी मंचाखाली पाहिले. तिथे समिती होती, पोलीस होते, जावई मुद्दाम सुरतहून आला होता आणि डाव्या-उजव्या रांगांतली सगळी माणसे श्वास रोखून बघत होती, की हा त्याला काय बोलतो.

“धन्यवाद, नानासाहेब,” आबा म्हणाले.

टाळ्या झाल्या. नानांनी हात सोडला. ते मंचावरून उतरले आणि भरीत न खाता घरी गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःचे वीज कनेक्शन घेतले आणि आबांनी आपल्या वावरात वेगळे बोअर मारले. एकाच पाण्याला दोन नळ्या लागल्यावर जे व्हायचे ते झाले. उन्हाळ्यात दोन्ही मोटरी हवा ओढू लागल्या. तेव्हा मात्र दोन्ही बाजूंना खात्री होती, की पाणी त्या लोकांनी पळवले. पूर्वी पाणी आबा पळवायचा किंवा नाना पळवायचा. आता ते लोक पळवतात. त्यांच्याशी भांडता येत नाही, कारण ते मोटरीवर कधी एकटे सापडत नाहीत, आणि त्यांना भरीतही घालता येत नाही.

प्रकल्पाचा अंतिम अहवाल उत्कृष्ट ठरला. ‘दोन समुदायांतील जलसंघर्षाचे समूळ उच्चाटन’ असे त्याचे शेवटचे प्रकरण आहे. मुखपृष्ठावर आबा-नानांच्या हस्तांदोलनाचा फोटो आहे. अहवालाबद्दल सत्कार झाला, तेव्हा शेजारच्या केबिनमधले प्राध्यापक तेवढे आले नाहीत. दुसऱ्या टप्प्यात शेजारच्या सगळ्या तालुक्यांतली गावे घ्यायची आहेत, जिथे जिथे दोन्ही धर्मांची माणसे अजून अव्यवस्थापित अवस्थेत राहतात.

या टप्प्यासाठी डॉ. हितेंद्रांना सहायक हवे आहेत. मी तुमचे नाव सुचवले आहे. आबा कोण आणि नाना कोण, हे मी कुठेही लिहिलेले नाही. पण तुम्ही पहिल्या परिच्छेदात टोपीपाशी थांबलात, भाभीपाशी थबकलात, दर्ग्याच्या नारळापाशी एक तर्क केलात आणि बैलांपाशी तो बदललात. दोन म्हाताऱ्यांची मैत्री तुमच्या डोळ्यांदेखत मरत होती आणि तुम्ही मात्र यातला आपला कोणता, ते शोधत होता. काही जण अजूनही शोधत आहेत आणि मी शेवटी सांगेन या आशेवर इथपर्यंत आले आहेत. अर्ज करून टाका. प्रशिक्षणाची अट नाही, ते तुमचे झालेलेच आहे.